ताप अंगावर काढू नका

वीस-पंचवीस वर्षांची डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यायची, ती उंच करायची, छतावर कॅरिअर चढवायचा आणि लांबच्या वाटेला लागायचं, असा बेत करणाऱ्यांची पत्रं माझ्याकडे येत राहतात. माणसं बदलतात, गोंधळ तोच. म्हणून या वेळी गठ्ठा सोडून एकेकाला उत्तर देतो. जुनी गाडी म्हणजे इथे डिझेलच्या मेकॅनिकल पंपाची, कॉमन रेलच्या (संगणकाने डिझेल फवारणाऱ्या पद्धतीच्या) आधीची. आणि पत्रावरून मी गाडीचा आवाजही ऐकू शकत नाही, तेव्हा इथलं वाचून पाना हातात घेण्याआधी गाडी कुणा जाणत्याला दाखवा.

प्रश्न: ऑइल बदलून आठवडा झाला नाही तोच काळंकुट्ट पडलं. भेसळीचं मिळालं का?

नाही. डिझेलचं ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं, ते त्याचं कामच आहे. मात्र डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. तसं असेल तर सेल्फ न मारता मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न: विकणारा म्हणतो टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय. पावती हरवली म्हणे. विश्वास ठेवावा?

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवतो तो हा बेल्ट. पावती नाही म्हणजे तो बदललेला नाही. आणि "कव्हर उघडून पाहिला, चांगला दिसतो" हेही ऐकू नका. बेल्ट आतून दमतो, वरून नाही. तो किलोमीटरवर जातो तसा वयावरही जातो. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात इतकी कमी जागा असते की बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकलेच समजा. बदलताना टेन्शनर, आयडलर, क्रँकचं पुढचं सील आणि बेल्टवर चालणारा असेल तर वॉटर पंपही बदला. मित्सुबिशीच्या ४डी५६ मध्ये थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा दुसरा छोटा बेल्टही असतो. तो तुटून मोठ्यात अडकतो आणि दोन्ही जातात, तेव्हा एकच बदलून पैसे वाचवू नका. तुमच्या इंजिनाला चेन किंवा गिअर असतील तर हा प्रश्नच नाही, पण ते आधी खात्रीच्या माणसाकडून समजून घ्या.

प्रश्न: सकाळी सुरू करताना पांढरा धूर येतो, पाच मिनिटांत जातो. काळजी करू का?

डोळ्यांना झोंबणारा आणि कच्च्या डिझेलचा वास असेल तर बहुधा एखादा हीटर प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला सिलिंडर तापवणारा) मेलाय. सगळे काढून एकेक तपासून घ्या. वास गोडसर असेल आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होत असेल तर आजच दाखवा. निळा धूर ऑइलचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी; तिथे आधी एअर फिल्टर बघा, पंपाच्या स्क्रूला हात लावू नका.

प्रश्न: चढावर भरधाव असताना तापमानाचा काटा मध्याच्या वर जातो आणि सपाटीवर आलो की आपोआप खाली येतो. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाक. दोन आठवड्यांनी लांबच्या प्रवासाला निघायचंय. आल्यावर बघितलं तर चालेल का?

चालणार नाही. बाकी सगळं वगळलंत तरी हे उत्तर शेवटपर्यंत वाचा.

"वर जातो, पण खाली येतो." हे वाक्य ऐकलं की पुढची गोष्ट मला पाठ आहे. महिनाभर काटा वर-खाली होतो, मालकाला त्याची सवय होते. मग एका चढावर काटा वर जातो आणि तिथेच राहतो. त्यानंतर हेड (सिलिंडरांवरचं झाकण) मशीन शॉपमध्ये, गाडी ठोकळ्यांवर आणि मालक पत्र लिहायला बसलेला. जुनी डिझेल इंजिनं झिजून मरतात त्याहून जास्त तापून मरतात. आणि त्यातली बरीचशी अशी, की ज्यांनी आधी महिनाभर सांगितलेलं असतं.

काट्यावर तुमचा एवढा विश्वास का, हे मला कळत नाही. पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो की ९५ वर, काटा मधोमध, चालकाला उगाच घोर नको म्हणून. तेव्हा तुमच्या काट्याने मध्य सोडला त्या वेळी पाणी बरंच पुढे गेलेलं होतं. दुसरं, त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. होज फाटून पाणी एकदम गेलं की सेन्सर उघडा पडतो, काटा खाली येतो आणि चालक म्हणतो, चला, उतरलं. माझ्या पहिल्या गाडीचं हेड मीच असं वाकवलं. हीटरची बोटभर होज फुगली होती, दिसत होती, आणि मी परतल्यावर बदलू म्हणालो होतो. म्हणून प्रवासी गाडीत कूलंट कमी झाल्यावर कोकलणारा अलार्म आणि हेडच्या धातूवर बोल्टने बसणारा वेगळा तापमान सेन्सर, ही दोन्ही मी विंचच्या (अडकलेली गाडी ओढायच्या यंत्राच्या) आधी बसवतो.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. तो काढल्याने गाडी थंड राहते ही ऐकीव गोष्ट आहे. सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा गार चालतं, डिझेल अर्धवट जळतं, काजळी वाढते. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं (रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं) तोंड बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाताच इंजिनात फिरत बसतो आणि नेमकं चढावर जास्त तापतं. जुना काढा जरूर, पण त्याच तापमानाचा नवा, कंपनीचा बसवायला. नवाही बसवण्याआधी थर्मामीटर घालून पाण्याच्या भांड्यात उकळून पाहा, किती अंशांवर उघडतो ते.

मग शोध कुठे घ्यायचा? स्वस्तापासून महागाकडे जा.

रेडिएटरची कॅप. झाकण नव्हे, तो प्रेशर व्हॉल्व्ह आहे. साधारण १३ पीएसआयची धड कॅप असेल तर साधं पाणीसुद्धा समुद्रसपाटीला ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग सैल पडली की ते १०० वर आलं. उंचीवर तर याहून वाईट. ३,००० मीटरवर उघडं पाणी सुमारे ९० अंशांतच उकळतं, तिथे कॅपचाच आधार. सगळ्यात स्वस्त भाग हाच आणि बदलायचा विसर पडतो तोही याचाच.

पंखा. जुन्या गाड्यांत तो बहुधा विस्कस क्लचवर असतो. आत सिलिकॉनचं तेल असतं, ते वर्षानुवर्षं झिरपून जातं. इंजिन चांगलं तापलेलं असताना बंद करा, किल्ली खिशात घाला आणि पंखा हाताने फिरवा. जड जायला हवा. मोकळा गरगरला तर क्लच मेला.

रेडिएटर. एसी असलेल्या गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत चिखल, गवताचं बी आणि किडे यांची गादी तयार होते, ती पुढून दिसत नाही. दोन्ही सुटे करून मागून पुढे, हलक्या धारेने धुवा. जोराच्या प्रेशरने फिन्स आडव्या होतात. आतून क्षार धरला असेल तर पितळी रेडिएटर उघडून नळ्यांत सळई घालून साफ करता येतो. प्लॅस्टिक टाकीचा ॲल्युमिनियमचा असेल तर तो बदललेलाच बरा. आणि गळती बंद करणारी पावडर! ती भोकापर्यंत पोचते तशी हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही पोचते. विकणाऱ्याला गळती थांबल्याचं समाधान, तुम्हाला पुढच्या चढाचा ताप.

कूलंट. रंगावरून घेऊ नका. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्या आपल्या मर्जीने देतात, त्यांचा कुठलाही सार्वत्रिक नियम नाही. वेगवेगळ्या जातीचे मिसळले तर आत गाळ होऊ शकतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचा घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मंनिम्म करा आणि कधी भरला हे माहीत नसेल तर पूर्ण काढून धुऊन भरा. नळाच्या पाण्याने इंजिनात आतून किटण चढतं.

एवढं करूनही तापत असेल तर हेड गॅस्केटची (हेडखालच्या सीलची) शंका घ्या. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी थंड असताना वरची होज दाबून पाहा. टणक लागली तर आत जळालेला वायू शिरतोय. याची खात्री करायला रेडिएटरच्या तोंडावर धरायची एक निळ्या द्रवाची नळी मिळते. तिथल्या हवेत जळालेला वायू असला की द्रवाचा रंग बदलतो, डिझेलमध्ये बहुधा हिरवट होतो. दहा मिनिटांचं काम आहे. हे न करता कुणी थेट "हेड उतरवू" म्हणाला तर दुसऱ्याचं मत घ्या.

आणि वाटेत तापलीच तर आधी एकच गोष्ट ठरवा, पाणी आहे की गेलं? वाफ, गोड वास, खाली ओल किंवा हीटरमधून अचानक थंड हवा, म्हणजे पाणी गेलं; तत्क्षणी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पाणी शाबूत असून फक्त चढाने तापली असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खालचा गिअर, वेग कमी, आणि जमेल तिथे थांबून इंजिन आयडलपेक्षा जरा वर चालू ठेवा, म्हणजे पाणी आणि पंखा फिरत राहतील. कॅप हाताला सोसेल इतकी गार झाल्याशिवाय उघडू नका. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो.

दोन आठवडे पुष्कळ आहेत, पण आज दाखवलीत तर. रेडिएटरवाल्याकडून कूलिंगची प्रेशर टेस्ट करून घ्या. एवढ्यात जमलं नाही तर प्रवास पुढे ढकला.

प्रश्न: माझं इंजिन टर्बो नसलेलं आहे. मित्राने टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारं) किट लावून पंपाचं डिझेल वाढवलं, गाडी उडते म्हणतो. मीही लावू?

किती महिन्यांपूर्वी लावलं, ते मित्राला विचारा. टोयोटाच्या १एचझेडसारखी टर्बोविना आलेली इंजिनं सावकाश, आयुष्यभर चालायला बनवलेली आहेत. त्यांचं कॉम्प्रेशन २२ पटींच्या आसपास, ज्वलन हेडमधल्या छोट्या प्रीचेंबरमध्ये. टर्बोचा जादा ताप आधी तिथेच साचतो आणि हेडला चिरा तिथे पडतात. पेट्रोलमध्ये इंधन कमी पडलं की इंजिन तापतं. डिझेलमध्ये उलटं, इंधन वाढवाल तसा एक्झॉस्ट तापत जातो. त्यामुळे "जरा स्क्रू फिरवून देतो" म्हणणारा माणूस ताकद देत नाही, ताप देतो.

तरी लावायचाच असेल तर आधी कूलिंग नवं करा (वरचं उत्तर पुन्हा वाचा), टर्बोच्या अलीकडे मॅनिफोल्डमध्ये पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा) बसवा, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब कमी ठेवा आणि पंप बेंचवर कॅलिब्रेट करून घ्या. पायरोमीटर नको म्हणणाऱ्या किटवाल्याकडून किट घेऊ नका. इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट झाल्याशिवाय तर कुठलंच नको.

प्रश्न: दोन इंच लिफ्ट आणि ३१ ऐवजी ३३ इंची टायर. गाडी किती उंच होईल आणि काय बिघडेल?

सलग ॲक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असलेल्या) गाडीत स्प्रिंगांच्या लिफ्टने बॉडी वर जाते, डिफरन्शिअल (ॲक्सलवरचा गिअरचा गोळा) होता तिथेच राहतो. त्याला उचलतात फक्त टायर, आणि तेही निम्म्याने; दोन इंच मोठ्या टायरने एक इंच. दगडावर आपटतो तो डिफरन्शिअल, हे लक्षात घेतलं तर किती जणांचा लिफ्टचा उत्साह ओसरेल!

बिघडण्याचं विचाराल तर ३३ भागिले ३१ म्हणजे साडेसहा टक्के. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा तुम्ही ८५ ने जात असाल. प्रत्येक गिअर तेवढाच जड होईल, चढावर क्लच आणि इंजिन जास्त तापतील. कॉइल स्प्रिंगच्या सलग ॲक्सलला लिफ्ट दिली की कॅस्टर (चाकाच्या वळणाच्या अक्षाचा मागचा कल) कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकते. त्यासाठी कॅस्टरचे बुश लागतात, जे किटमध्ये बहुतेकदा नसतात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद नेणारे सांधे) तिरके चालून लवकर जातात. चाक पूर्ण खाली लोंबत असताना ब्रेकची होज ताणली जात नाही ना, हे गाडी उचलून पाहा. नोंदणीचे नियम काय सांगतात आणि विमा कंपनीला हे चालतं का, हे किट घेण्याआधी लेखी विचारा.

प्रश्न: जड स्प्रिंग बसवल्या की जास्त सामान नेता येतं ना?

नाही. गाडीची पाठ वाकत नाही, एवढंच. चासी, ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहिले.

हिशेब करून पाहा. या जातीच्या अनेक स्टेशन वॅगनांची क्षमता माणसांसकट ६०० ते ८०० किलोंच्या घरात असते. चार माणसं ३०० किलो. पोलादी बंपर आणि विंच मिळून १००. ज्यादा टाकीतलं ८० लिटर डिझेल ६७. पिण्याचं पाणी ६०. छतावरचा तंबू ६०. दुसरी स्टेपनी ३५. हे ६२२ झाले आणि अजून फ्रिज, हत्यारं, कपडे आणि स्वयंपाक यायचाय. प्रवासाला निघता तशी गाडी भरून, माणसं बसवून, टाक्या काठोकाठ करून वजनकाट्यावर घाला. पुढचा ॲक्सल वेगळा, मागचा वेगळा. आकडा पाहून सामान आपोआप कमी होतं, मला सांगावं लागत नाही. छताच्या कॅरिअरची मर्यादा पुस्तकात पाहा, कॅरिअर विकणाऱ्याच्या तोंडून नको.

प्रश्न: स्नॉर्कल लावलं की छातीभर पाण्यातून नेता येते का?

स्नॉर्कल म्हणजे छतापर्यंत नेलेली हवेची नळी; ते हवा वरून घेतं, गाडी पाणबुडी होत नाही. त्याचे सांधे आणि एअर फिल्टरच्या डब्याचं खालचं ड्रेन बंद केलेलं नसेल तर पाणी तिथून शिरतं. डिझेलने एकदा सिलिंडरमध्ये पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही.

लोक विसरतात ते ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करू देणारी तोंडं. तापलेला डिफरन्शिअल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दोन्ही डिफरन्शिअल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) यांचे ब्रीदर रबरी नळ्यांनी बॉनेटच्या उंचीला न्या. पाण्यातून आल्यावर तेल पाहा. दुधाळ झालं असेल तर ताबडतोब बदला. वाहत्या पाण्याच्या खोलीचा अंदाज येत नसेल तर नेऊ नका.

प्रश्न: पावसात डांबरी रस्त्यावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा गिअर) चालवली तर पकड वाढते का?

पार्ट-टाइम (गरजेपुरत्या जोडायच्या) फोर-व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या वेगातला फरक सोसणारा मधला डिफरन्शिअल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक घसरून निघायला जमीन सैल लागते. डांबरावर तो ताण गिअर आणि प्रॉपेलर शाफ्टमध्ये साठतो. तेव्हा नको. मात्र महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर फोर-व्हील लावून चालवा, नाहीतर गरजेच्या दिवशी दांडा हलणार नाही.

प्रश्न: आताच्या कमी सल्फरच्या डिझेलने जुना पंप खराब होतो, म्हणून टाकीत टू-स्ट्रोक ऑइल घालावं, असं ऐकलं.

ऐकलं. सल्फर काढताना डिझेलचा वंगणपणा जातो हे खरं, पण तो पुरवणारं द्रव्य रिफायनरीतच घालतात. युरोपच्या ईएन ५९० या मानकात तर त्यासाठी झिजेची मर्यादा ४६० मायक्रॉन अशी ठरवून दिलेली आहे. जुन्या पंपाचं खरं दुखणं वेगळं. नव्या डिझेलने कधीकधी जुनी रबरी सील आकसतात आणि पंप पाझरू लागतो. त्यावर बाटलीतलं औषध नाही, पंपवाल्याकडून सील बदलणं आहे. रॉकेल मिसळलेल्या डिझेलने मात्र पंप नक्की जातो. आणि डिझेल वाचवतं म्हणून पाइपला लावायला विकतात त्या चुंबकाबद्दल तर विचारूच नका.

प्रश्न: गाडी दोन वर्षं उभी होती. बॅटरी घालून सुरू करू?

थांबा. टाकी तळापासून रिकामी करा. खाली पाणी आणि त्यात वाढणारी काळी बुळबुळीत घाण असू शकते, ती एकदा फिल्टरात गेली की वाटभर तेच. डिझेल फिल्टर, ऑइल, बेल्ट आणि कूलंट बदला. ब्रेकचं तेल हवेतून पाणी शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी पिलेलं १४० लाच उकळू शकतं, आणि लांब उतारावर ते १४० फार दूर नसतं. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली असली तरी म्हातारे टायर बदला. ब्रेक एखाद्या जाणत्याने तपासल्याशिवाय अंगणाबाहेर काढू नका.

प्रश्न: बरोबर कुठले सुटे भाग ठेवू?

दोन डिझेल फिल्टर, पंख्याचे बेल्ट, वरची-खालची आणि हीटरची होज, क्लिपा, रेडिएटरची कॅप, पाच लिटर तयार कूलंट, इंजिन ऑइल, फ्यूज, एक व्हील बेअरिंग आणि ग्रीस. फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या लाइनमधली हवा काढावी लागते. हाताचा प्राइमर कुठे आहे आणि कुठला स्क्रू सैल करायचा, ते निघण्याआधी मेकॅनिकसमोर स्वतःच्या हाताने एकदा करून पाहा. तो स्क्रू कितीचा पाना घेतो ते बघा, आणि तो पाना डब्यात आहे का तेही.